वखारीतला फणसांबा

राजारामपुरीत पत्ता गल्लीच्या नंबरावर चालतो. पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत गेलं की चौदावीपर्यंत कुणीही न विचारता पोचतो. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत असली मोजदाद नाही. तिथं तालीम, तिकटी, वेस आणि कुणाचा तरी वाडा यांवरून घर सापडतं. राजाराम महाराजांच्या नावानं वसलेली ही वसाहत आखून बांधली, म्हणून घरांपुढं अंगणं राहिली आणि अंगणांत झाडं राहिली. आंबा, नारळ, रामफळ, कुठं कुठं फणस. रस्त्याच्या कडेला गुलमोहर आणि सोनमोहर. झाडं लावली की कधी ना कधी ती मरणारच. मेलेल्या झाडांवर जे उगवतं त्याचा हा इतिहास आहे, आणि तो सांगायला मी बरी आहे असं मला वाटतं. माझ्या वडिलांची इथं जळाऊ लाकडाची वखार होती आणि मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं.

पावसाळा सरत आला की कुठल्यातरी गल्लीच्या कोपऱ्यावर तोडून टाकलेला गुलमोहराचा ओंडका दिसतो. फांद्या कुणीतरी नेलेल्या असतात, बुंधा उचलायला माणसं मिळालेली नसतात. उन्हाकडच्या बाजूनं त्याच्या सालीतून भडक शेंदरी अर्धगोल पापुद्रे बाहेर आलेले असतात. मारुतीच्या मूर्तीवर नुकताच चढवलेला शेंदूर आठवा, तोच रंग. हात लावला तर ओल नाही, बुळबुळीतपणा नाही. चामड्याचा चिवट तुकडा लाकडात रोवून बसवलाय असं वाटतं. जाडी बोटभरही नाही. देठ नसतोच. उलटून पाहिलं तर खालची बाजू वरच्यापेक्षा गडद लाल असते आणि ती सगळी छिद्रांची असते. छिद्रं मोजायची तर भिंग हवं, कारण एका मिलिमीटरच्या अंतरात पाच-सहा बसतात. त्यांतूनच बीजाणू खाली गळतात. ओंडका दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तसाच पडून राहिला तर वरचा रंग उडून पांढुरका होतो, खालचा मात्र टिकतो.

लिनियसनं 1763 मध्ये या शेंदरी बुरशीला ‘बोलेटस सॅंग्विनियस’ हे नाव दिलं. पुढं 1904 मध्ये अमेरिकेतल्या मुरिलनं तिला ‘पिक्नोपोरस’ या वंशात नेऊन ठेवलं, आणि आता काही जण ‘ट्रामेटिस’मध्ये घालतात. उष्ण प्रदेशात ती सगळीकडे आहे: आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, आग्नेय आशियात, आपल्या सह्याद्रीत. राधानगरीच्या रस्त्याला, पन्हाळ्याच्या झाडीत, विद्यापीठाच्या आवारात पडलेल्या फांद्यांवर मी ती विद्यार्थ्यांना दाखवत आले. एवढी उठून दिसणारी गोष्ट, पण तिला कोल्हापुरात मी कधी नाव ऐकलं नाही. ‘आळंबं आलंय’ एवढंच. पोरं ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात, पण ती कशालाही म्हणतात.

तिच्यासारख्याच लाकडावर वाढणाऱ्या, तपकिरी, ओबडधोबड, दिसायला अगदीच कळकट अशा एका बुरशीला मात्र नाव आहे, भाव आहे, दुकानात बरणी आहे आणि शंभराहून अधिक वर्षांचा छापील इतिहास आहे. तो फणसांबा.

वखारीपासून सांगते. गॅस घरोघर पोचायच्या आधी कोल्हापुरात दर पेठेत, दर वसाहतीत जळणाच्या वखारी होत्या. लाकूड मणावर विकलं जायचं, मोठी गिऱ्हाइकं खंडीवर घ्यायची. स्वैपाकाला चूल, आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब, आणि चुलीत लाकडाच्या जोडीला शेणी. वडिलांच्या वखारीत माल यायचा तो राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडून, ट्रकनं. त्याआधी बैलगाड्यांनी येत असे असं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. बाभळीला सगळ्यांत जास्त भाव, कारण निखारा टिकतो. आंब्याचं लाकूड धूर करतं म्हणून बायका नाकं मुरडायच्या. गुलमोहर तर फुकट दिला तरी घेऊ नये असा. आणि ज्या लाकडावर शेंदरी आळंबं आलंय ते वडील हातात घेऊन नुसतं तोलून बाजूला फेकायचे. ‘बंबाला’ एवढंच म्हणायचे. म्हणजे ते लाकूड हलकं झालंय, भसाभसा पेटेल आणि राख होईल, त्यावर भाकरी भाजायला बसू नका.

त्यांचं तोलणं बरोबर होतं. ही बुरशी लाकडातलं लिग्निन खाते. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा गिलावा. तो पचवायला बुरशी ‘लॅकेज’ नावाचं विकर सोडते. गिलावा गेला की मागं उरतं ते फिकट, तंतुमय, वजनाला निम्मं वाटणारं लाकूड. या विकराचं आता जगभर मोल आहे. कापडाच्या रंगाचं सांडपाणी बिनरंगी करायला ते वापरता येईल का, याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झालेत. इचलकरंजीच्या खाली पंचगंगेच्या काठानं राहणाऱ्या माणसाला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण वखारीत फणसाचं लाकूड आलं की गोष्ट वेगळी व्हायची. एरवी फणस जळणात येत नाही. त्याचं पिवळं लाकूड घराच्या खांबांना, चौकटींना, देव्हाऱ्याला जातं, वाळवी त्याला सहजी लागत नाही आणि पॉलिश न करताही वर्षागणिक त्याचा रंग खुलतो. वखारीत यायचा तो म्हातारा, पोकळ झालेला फणस. झाड उभं असतानाच इमारती लाकडाचा व्यापारी बुंध्याभोवती फिरायचा, आणि कुठं फणसांबा दिसला की भाव पाडायचा. बाहेर हातभर रुंदीचा फणसांबा आहे म्हणजे आत गाभा गेलेला आहे, हे त्याला कुऱ्हाड न लावता कळायचं. शास्त्रही तेच सांगतं. फणसांबा ज्या ‘फेलिनस’ वंशातला आहे त्यातल्या बऱ्याच जाती जिवंत झाडाच्या गाभ्यात वर्षानुवर्षं वाढतात आणि फार उशिरा सालीबाहेर तोंड काढतात. शेंदरी बुरशीचं आयुष्य हंगामाचं. फणसांबा मात्र दर वर्षी खालून छिद्रांचा एकेक नवा थर चढवत जातो. उभा चिरला तर थर दिसतात. वरून काळपट, भेगाळलेला, कधी शेवाळलेला. आत हळदीकडे झुकणारा तपकिरी. कडक इतका की कोयत्याची धार बोथट व्हावी.

असा बुंधा उतरवला की हमाल कुऱ्हाडीच्या मागच्या अंगानं फणसांबे ठोकून काढायचे आणि गल्ल्यावर वडिलांसमोर ठेवायचे. त्याचे पैसे नसत. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचायची आणि बायका यायच्या. कुणाची सून बाळंत झालेली, कुणाची लेक माहेरी आलेली. ‘दादा, तुकडा द्या की हो.’ वडील करवतीनं काप काढून देत. दुसऱ्या, तिसऱ्या गल्लीतून, टाकाळ्याकडून, अगदी उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या मागच्या चाळींतून बायका आलेल्या मला आठवतात. जळणाच्या वखारीला दवाखान्याचं हे एक अंग होतं, आणि ते वखारीच्या कुठल्याही वहीत चढलेलं नाही.

आजीचं माहेर गगनबावड्याकडचं. घाटमाथ्यावरचा तो मुलूख जिल्ह्यात सगळ्यांत जास्त पावसाचा. तिथून करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट उतरला की कोकण. फणसांबा मुळात कोकणचा आणि या घाटमाथ्याचा. कोल्हापूरच्या बायकांना तो एक तर माहेरून यायचा, नाही तर लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात मुळ्या, साली, बिया मांडून बसणाऱ्यांकडून, नाही तर काष्ठौषधीच्या दुकानातून. आजीकडं कायम एक तुकडा असायचा, सुती चिंधीत गुंडाळून, गुटीच्या डब्याच्या बाहेर. डब्यात हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, मायफळ, सुंठ, हळकुंड, बदाम, खारीक. ती रोजची गुटी. फणसांबा रोजचा नाही, म्हणून त्याची जागा वेगळी.

त्याचं काम एकच, पण नेमकं: तोंडाचं. बाळाचं तोंड आलं, हिरड्या सुजल्या, लाळ गळून गळून हनुवटी सोलवटली की आजी सहाण काढायची. सहाण आधी उकळत्या पाण्यानं धुवायची, याबद्दल ती फार कडक होती. मग थेंबभर पाणी, फणसांब्याचा तुकडा उभा धरून गोल गोल फिरवायचा. चंदनाला जितका जोर लागतो त्याहून जास्त लागतो, कारण तो झिजतच नाही. हळूहळू सहाणेवर गंजाच्या रंगाचं पातळ गंध उतरायचं. वास लाकडाचा, ओल्या मातीचा. चव मी घेऊन पाहिलीय. तुरट, जीभ आवळून धरणारी. ‘मी उगाळतो, तू पोराला धर,’ असं आजी आईला म्हणायची. (कोल्हापुरात बाई ‘उगाळते’ म्हणत नाही, बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.) मग तर्जनीला मऊ कापड गुंडाळून ते गंध हिरड्यांवरून फिरवलं जायचं. पोटात द्यायचं असेल, म्हणजे हगवण लागली असेल, तर एक-दोन वेढे आईच्या दुधात. त्याहून जास्त कधीच नाही. मोठ्या माणसाला खरचटलं, रक्त थांबेना, तर कोरडी पूड वर दाबायची.

आता छापील पुराव्याकडं वळते. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारच्या औषधभांडाराचा प्रमुख असलेला विल्यम डायमॉक हा पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींचा मोठा जाणकार. कलकत्त्याचा रसायनशास्त्रज्ञ वॉर्डन आणि उटीचा क्विनाइनतज्ज्ञ हूपर यांच्यासोबत त्यानं ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1890 ते 1893 या काळात निघाला. त्यात फणसआळंब्याची, म्हणजे फणसांब्याची, नोंद आहे. पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात, लाळ फार सुटली तर. मुलांच्या तोंडातल्या फोडांना लावतात. हगवणीत, आवेत पोटात देतात. आजीनं हे पुस्तक कधी पाहिलेलं नाही, तिला अक्षरओळखही नव्हती. डायमॉकनं आजीच्या आजीसारख्या कुणाचं तरी ऐकून, किंवा ज्यानं तिचं ऐकलं होतं त्या मुंबईच्या दुकानदाराला विचारून लिहिलं असणार. वापर त्यानं अगदी बरोबर टिपला.

ओळख मात्र साफ चुकली. ग्रंथात फणसआळंब्याला ‘ॲगॅरिकस ऑस्ट्रिएटस’ म्हटलंय. म्हणजे आज आपण धिंगरी म्हणून भाजीला आणतो ती! धिंगरी मऊ, खालून पात्यांची, दोन दिवसांत नासणारी. फणसांब्यावर कोयता बोथट होतो, त्याला खाली पाती नाहीत तर छिद्रं असतात आणि तो चिंधीत दहा वर्षं टिकतो. एकदा छापलं गेलं की पुढचे लोक उतरवून घेतात. तशी ही चूक एका ग्रंथातून दुसऱ्यात गेली. डायमॉकला मी फार दोष देत नाही. त्या काळी हिंदुस्थानातल्या बुरशांचे नमुने ओळख पटवायला युरोपात पाठवावे लागत. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर ब्लॅटर यांनी गोळा केलेल्या बुरशांवरचा थाइसनचा लेख 1911 मध्ये निघाला, तोही लॅटिन मथळ्याखाली, जर्मनीतल्या नियतकालिकात. लाकडावरच्या बुरशांचा इथल्या इथं कसून अभ्यास सुरू झाला तो बंगालमध्ये, सहायराम बोस यांच्यामुळं. कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थांनी जन्मभर हाच एक विषय धरला.

महाराष्ट्रात पुढं पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं हे काम केलं. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी 1946 मध्ये उभी केलेली ही संस्था. तिनंच 1987 मध्ये ‘फंजाय ऑफ महाराष्ट्र’ हा संकलनग्रंथ काढला. भिडे, पांडे, साठे, राव, पटवर्धन अशी पाच नावं त्यावर आहेत. आणि फणसांब्याचा प्रश्न सोडवला तो पुणे विद्यापीठाच्या जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. वैद्य आणि रब्बा यांचा लोकवैद्यकातल्या बुरशांवरचा लेख 1993 मध्ये ‘द मायकॉलॉजिस्ट’मध्ये आला. डायमॉकचा तिसरा खंड 1893 चा, हा लेख 1993 चा. धिंगरीच्या नावावर फणसांब्यानं शंभर वर्षं काढली. वैद्यांच्या गटानं दाखवून दिलं की फणसांबा म्हणजे ‘फेलिनस’ वंश, आणि तोही एक जात नाही. फणसांबा या एकाच नावाखाली अनेक जाती वापरल्या जातात, आणि त्या सगळ्या फणसावरूनच येतात असंही नाही.

हे मी वर्गात दाखवत असे, अभ्यासक्रमात नसतानाही. फणसांब्याचा ताजा तोडलेला भाग काचपट्टीवर ठेवायचा आणि वर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब सोडायचा. पिवळट तपकिरी गर डोळ्यांदेखत काळा पडतो. ‘फेलिनस’च्या कुळाची ही खूण आहे. धिंगरीवर तोच थेंब टाकला तर असं काळं होत नाही. डायमॉकच्या टेबलावर एक थेंब पडला असता तर शंभर वर्षं वाचली असती, असं मी पोरांना सांगायची, आणि मागच्या बाकावरचे हमखास विचारायचे, ‘मॅडम, हे परीक्षेला येणार का?’

आता त्या बिननावाच्या शेंदरीकडं परत यायला हवं, कारण तिची कथा मला जास्त अस्वस्थ करते. सहायराम बोस यांनी 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. पेनिसिलिनचा तो काळ. सगळे बुरशांत जंतुनाशकं शोधत होते. बोसांना ते सापडलं याच शेंदरी बुरशीत, तेव्हाच्या नावानं ‘पॉलिस्टिक्टस सॅंग्विनियस’मध्ये. त्याला त्यांनी ‘पॉलिपोरिन’ म्हटलं. ते बाजारात कधी आलं नाही, पण या बुरशीचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळं आहे त्यांत जंतू रोखण्याची शक्ती आहे, हे पुढं इतरांच्या अभ्यासातही दिसलं. त्याहून नवल ऑस्ट्रेलियाचं. तिथले मूळ रहिवासी याच वंशातली शेंदरी बुरशी तोंड आलं की चोखतात, आणि दात येणाऱ्या बाळाला ती चावायला देतात. म्हणजे गगनबावड्याची बाई ज्या दुखण्याला तपकिरी फणसांबा उगाळत होती, त्याच दुखण्याला हजारो मैलांवरची बाई शेंदरी आळंबं वापरत होती. आमच्याकडं ते आळंबं वखारीत, अंगणात, रस्त्यावर लोळत होतं, आणि आम्ही ते बंबात घातलं.

का, याचं उत्तर मला असं वाटतं. आपल्याकडं नाव मिळतं ते बाळाच्या तोंडात गेलेल्या वस्तूला, आणि कुठली वस्तू तोंडात घालायची हे ठरतं झाडावरून. फणस हे घरचं झाड. त्याची भाजी, गरे, आठळ्या, सांदणं, चौकटी सगळं घरात आलेलं. त्याच्या अंगावर उगवलेलंही घरात आलं. शेंदरी बुरशी कुठल्याही मेलेल्या लाकडावर येते, तिला घर नाही, गोत्र नाही. त्यात रंग इतका भडक की विषारी असणार असं कुणालाही वाटावं. आजीला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘जे झाड मेलंय त्याचं औषध कसलं?’ फणसांबा जिवंत झाडावरचा, म्हणून चालतो, मेलेल्यावरचा नाही. तिच्या हिशेबात हे पक्कं होतं. वखारीत तोडून आणलेला फणस तिच्या लेखी अजून मेलेला नव्हता.

एवढं मात्र खरं की आजीच्या हिशेबाला धाक होता. झाड माहीत, गाव माहीत, तुकडा कुणी दिला ते माहीत, वेढे मोजलेले. आज काष्ठौषधीच्या दुकानात ‘फणसांबा’ मागा, तयार काप पुडीत मिळतो. तो फणसाचा आहे की ऐनाचा की आणखी कशाचा, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वैद्यांच्या गटानं हेच तर दाखवलं. कोरियात ‘फेलिनस’च्याच एका भाईबंदाची शेती करतात, ओंडक्यांवर, जात ठरवून. आपल्याकडं जंगलातून खरवडून आणतात आणि एका नावाखाली विकतात. त्यामुळं माझ्या नातवंडांच्या हिरड्यांना मी फणसांबा लावू दिला नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही घालू नये असं डॉक्टर सांगतात, ते मला पटतं. सूनबाई म्हणाल्या, आई, तुम्ही तर याच्यावर व्याख्यानं देता. देते. इतिहास म्हणून देते.

वखार ऐंशीच्या दशकात बंद झाली. आधी गॅस, मग जंगलतोडीचे कायदे, मग वडिलांचं वय. त्या जागेवर आता चार मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर मोबाइलचं दुकान. शहरात झाड तोडायला परवानगी लागते. 1975 चा कायदा आहे, तो चांगला आहे. पण पडलेलं झाड मात्र दोन दिवसांत करवतीनं तुकडे होऊन गायब होतं, म्हणून शेंदरी आळंबंही पूर्वीइतकं दिसत नाही. अंगणातले फणस तर अपार्टमेंटच्या पार्किंगखाली गेले. राजारामपुरीत फणसांबा लागलेलं जिवंत झाड दाखवा म्हणाल तर मला आता विचार करावा लागेल.

म्हणून एक विनंती आहे. कोल्हापुरात, आजऱ्यात, चंदगडात, गगनबावड्यात, घाटाखाली कुठंही, तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर तिला फणसांब्याबद्दल विचारा. कुठल्या झाडावरचा घेत होती, कोण आणून देत होतं, किती वेढे, कशात, कुठल्या दुखण्याला, आणि कुठल्या दुखण्याला मुळीच नाही. शेवटचा प्रश्न विसरू नका. पुस्तकांत तो कुणीच विचारलेला नाही. तिच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली गावाचं नाव आणि साल घाला. चिंधीत गुंडाळलेला जुना तुकडा सापडला तर फेकू नका आणि उगाळूही नका. झाडाचं नाव लिहून कागदाच्या पुडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर त्याला बुरशी येईल.